अर्धा फर्मा

४ मार्च

…आणि मग वळकटी. आधी शेगडी पुसायची, मग दूध तापवायचं, मग ह्यांचा शर्ट झटकून खुंटीवर, आणि शेवटी दाराशी अंथरलेली ह्यांची वळकटी गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची. शेवटचं वर्षभर हे दाराशीच झोपले. "माझा खोकला तुला नको लागायला." त्या सकाळी वळकटी अजून गरम होती. मी तिच्यावर गाल ठेवला, तर हे न्हाणीघरातून ओरडले, "अगं ठेव ती! मी गुंडाळतो." एवढं जपणारा माणूस! जाऊन सहा वर्षं झाली.

आज हे का आठवतंय ते मला ठाऊक आहे. काल मी दुसऱ्या माणसाला घरात घेतलं. पलंगावर.

लिहिलं. हात झडला नाही.

६ मार्च

कटिंगवाला. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात कागद कापायच्या मशिनवर असतो. बायको कधीच सोडून गेली. बोलतो कमी. मी सोळा-सोळा पानांचे फर्मे घडी घालून शिवते, आणि शिवता शिवता वाचते. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं शिक्षण फर्म्यांतून. त्यामुळे मला सगळं अर्धं येतं.

त्याने खिशातून कंडोम काढला तेव्हा मला हसू आलं — दोघांची वयं बघा! "असू द्या," म्हणाला, "तुमच्या जिवाला घोर नको."

घोर लागलाच. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. आधीच्या आठवड्यात मशिनचं पातं लागलं होतं.

मागे एका आरोग्याच्या पुस्तकाचं काम आलं होतं. एचआयव्हीचा फर्मा माझ्याच वाट्याला. रक्तातून, संबंधातून, आईकडून बाळाला… सगळं वाचलं. शेवटची ओळ — "मात्र जखम असल्यास" — आणि कागद संपला! पुढचा फर्मा रेडिओच्या ढिगात. रेडिओ म्हणजे माझ्या शेजारी बसते ती. तिला वाचायचा कंटाळा, बोलायचा नाही.

जखम असल्यास काय?

९ मार्च

घसा दुखतोय. काखेत गाठ लागते. दाबून दाबून आता खरंच दुखायला लागलीय. ह्यांच्या फोटोकडे बघवत नाही. ज्या माणसाने मला आपला खोकलासुद्धा लागू दिला नाही, त्याच्या घरात मी काय आणून ठेवलं!

१० मार्च

नणंद येऊन गेली. दारातच मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "वहिनी, वाळलीस. वजन उतरलं का गं?" दर खेपेला हेच! ही बाई तराजू घेऊनच जन्माला आली.

"ताप वगैरे?"

"नाही, वन्सं."

"मग बरं." आणि फोटोची काच तळहाताने पुसत बसली. "देवमाणूस होता माझा दादा."

चहा तिने घेतला नाही. कधीच घेत नाही.

११ मार्च

कारखान्यात पाण्याच्या पिंपावर एकच पेला असतो, सगळ्यांचा. आज मी घरून माझा नेला. रेडिओने लगेच हेरलं. "काय गं, कुणाचं उष्टं नकोसं झालंय राणीसरकारांना?"

माझी फक्त मान कटिंगच्या मशिनकडे वळली.

वळली म्हणजे — वळवली.

१३ मार्च

जिन्यात गाठलं त्याला. "तपासून या."

तो बघतच राहिला. "मी?"

"मग काय मी? नवरा गेल्यापासून मला कुणी बोट लावलेलं नाही. आणि ते तर सोन्यासारखे होते. तुमची बायको का पळाली कुणास ठाऊक!"

त्याने अर्धी रजा टाकली आणि गेला. संध्याकाळी कागद आणून हातात दिला. काही नाही. स्वच्छ.

मी म्हटलं, "कागदाचं काय घेऊन बसलात? कागद तुम्ही रोजच कापता."

हे बोलून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? फार बरं वाटलं.

१६ मार्च

रेडिओ लागली ती लागलीच — कटिंगवाला रजा टाकून रक्त तपासून आला, म्हणजे त्याला 'तो' रोग असणारच! त्याने कापलेल्या थप्प्या बायका आता रुमालाने उचलतात. मालकाने त्याला वेगळा मग दिला, पत्र्याचा. मोरीजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. तो तिथे जाऊन पाणी प्यायला, मग विसळला, परत टांगला. माझ्याकडे बघितलं नाही.

एक शब्द बोलले असते तर सगळं थांबलं असतं. मी घड्या घालत राहिले.

१७ मार्च

काढलं त्याला. मालक म्हणाला, "बायका काम सोडून जातील. मी कोणाला ठेवू?" त्याने आपली फूटपट्टी रुमालात गुंडाळली. जाण्याआधी मशिनला तेल घालून गेला. मूर्ख.

१९ मार्च

शेवटी मीच दवाखान्यात गेले. तिथली समुपदेशक मला मुलगी असती तर तिच्या वयाची. सगळं सांगितलं. पट्टीसुद्धा.

"मावशी, कंडोम होता ना? फाटला नाही? मग झालं तर! जखम पट्टीखाली, सुकत आलेली. त्याच्या तपासणीत काही नाही. ह्यातून तुम्हाला काही होण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. आणि एका पेल्याने, घामाने, एका पलंगावर झोपल्याने तर होतच नाही."

"पण जखम असल्यास—"

"उघड्या जखमेत दुसऱ्याचं ताजं रक्त गेलं, तर गोष्ट वेगळी. पट्टीखालच्या सुकलेल्या जखमेला काय घाबरायचं?"

म्हणजे पुढच्या फर्म्यात एवढंच होतं! एवढ्यासाठी मी एका माणसाची भाकरी घालवली.

उठले. ती म्हणाली, "आलाच आहात तर रक्त देऊन जा. एकदा बघितलं की डोक्यातली भीती जाते."

दिलं.

२६ मार्च

तीन वेगवेगळ्या तपासण्या केल्या, समुपदेशक म्हणाली. तिन्ही एकच सांगतात. आहे.

"बघा! मी म्हणत होते ना!" माझ्या तोंडून निघालं. जिंकल्यासारखं.

"मावशी, हे त्या माणसाचं नाही. रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी एवढ्या कमी व्हायला वर्षं लागतात." तिने फॉर्म पुढे ओढला. "यजमान कशाने गेले?"

"फुप्फुसं खराब झाली होती. फिटर होते. मशिनी बसवायला गावोगाव जायचे, महिना-महिना."

तिने पेन खाली ठेवलं.

मग बरंच बोलली. गोळ्या रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत, माणूस नीट जगतो. मला सगळं ऐकू येत होतं. डोळ्यांपुढे वळकटी होती. "अगं ठेव ती!"

शेवटी म्हणाली, "त्या माणसालाही कळायला हवं. धोका अगदी कमी आहे, पण त्याने पुन्हा एकदा तपासून घ्यावं. तुम्ही सांगाल, की आम्ही सांगू?"

"मी," म्हटलं.

२७ मार्च

नणंदेकडे गेले. चपलाही काढल्या नाहीत. "वन्सं, तुम्हाला माहीत होतं?"

तिने नाही म्हटलं नाही. "दादाने शपथ घातली होती. आम्हाला वाटलं, तुला झालं असतं तर अंगावर दिसलंच असतं की! म्हणून तर येऊन येऊन बघत होते."

"एकदा नुसतं 'तपासून घे' म्हणाला असतात."

"आणि दादाचं नाव? लोकांनी काय काय म्हटलं असतं, वहिनी!"

घरी आले. जन्मभर 'अहो' म्हटलं ज्याला, त्याच्या फोटोसमोर उभी राहिले. "तुला माहीत होतं," म्हटलं. "खोकला तेवढा जपलास!"

फोटो काय बोलणार? मी रडलेसुद्धा नाही. रडणं सगळं आधीच देऊन झालंय, सहा वर्षं, रोज थोडं थोडं.

२८ मार्च

कारखान्यात गेले. मालकाला सगळ्यांसमोर सांगितलं — त्याला काही झालेलं नाही, मला आहे, नवऱ्याकडून आलंय. रेडिओसुद्धा बंद पडली. मोरीजवळचा मग खिळ्यावरून काढला, पिशवीत टाकला आणि त्याच्या घरी गेले. त्याने दार उघडलं. आत या म्हटलं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं, पुन्हा एकदा तपासून घ्या हेही, आणि पिशवीतून मग काढून दाखवला: "हा मी खिळ्यावरून काढला."