बोरीखालचा हिरवा चौकोन

आई, परवा मी आपलं रान वरून पाहिलं. उपग्रहाच्या चित्रांवरून उतार, पाऊस, जमिनीचा प्रकार आणि वरचं हिरवं झाकण यांचा मेळ घालायचा आणि कुठली माती वाहून जायचा धोका किती आहे, याचा नकाशा करायचा, हे माझं काम. धोका जास्त तिथं लाल रंग, कमी तिथं हिरवा. जळकोटकडचा आपला उतार सगळा लाल आला, आणि मधोमध एकच चौकोन हिरवा. असा एक चौकोन म्हणजे जमिनीवर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. यंदा लाल रानांनाच सरकारी बांध मिळणार आहेत. रान आपलं आणि नकाशावर सही माझी. नकाशा आपल्या सोयीनं तर चुकला नाही ना, हे बघायला मी स्वतः गेले.

वहिनी पहार घेऊन बरोबर आली. "वन्सं, वरून एवढं दिसतंय तर आमची हरवलेली शेळी बी बघा की." शेळीएवढं बारीक दिसत नाही, मी म्हटलं. "मग कशाचं शिक्षण!" वरच्या अंगाला चार बोटांवरच पहार मुरमाला लागून खणकन वाजली. तुझ्या वेळी तिथं वीतभर तरी माती होती. माझ्या नकाशात उतार आहे, पाऊस आहे. पण खालच्या बांधाला साठलेली माती दर उन्हाळ्यात टोपल्यानं वर नेणारी बाई त्यात नाही. तू असतीस तर माझा लाल रंग खोटा ठरला असता का?

आठवतं, मी बारा वर्षांची आहे, शाळेला सुट्टी आहे. "पाण्यानं नेली म्हणून काय झालं, माती आपलीच हाय," असं म्हणत तू माझ्या टोपल्यात वाकून बघतेस. "काठापतुर भर. अर्ध्या टोपल्याला बी खेप एकच पडती."

हिरवा चौकोन बोरीच्या झाडाखाली निघाला. तिथं पहार हातभर आत गेली. गवत सारलं तर खालच्या अंगाला दगडांची लांब ओळ होती, मोठ्या दगडांच्या फटीत बारके ठोकून बसवलेले. त्या ओळीमागं कितीतरी पावसाळ्यांची माती अडकली होती.

"सासूबाईंनी रचल्याली हाय," वहिनी म्हणाली. "मी नवी होते तवा इचारलं, हितं मधीच कशाला? तर म्हनल्या, हितं माती आपसूक येती. आन् हसल्या."

नोंदीत मी लिहिलं, 'हाताने रचलेला दगडी बांध, मागे माती साठलेली. बाकी उतारावरील लाल रंग बरोबर.' खाली सही केली. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, म्हणून त्याच फायलीत ठेवते आहे. नोंदीत एक गोष्ट घातली नाही. बोरीच्या आड गेले की मी तुला दिसत नसे. माझी टोपली वर न नेता मी तिथंच पालथी करायचे.