तळहातावरचं लिंबू

नांदूरघाट,
भाद्रपद वद्य पंचमी, शके १८४१

सिरसाळ्याचे दाजी विठ्ठलराव यांना मेहुणा आश्रुबाचा नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. पावसात तालमीचं छप्पर एका कोपऱ्यात गळलं, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. तुमच्या गड्याने निरोप नीट पोचवला आणि भाकरीही नीट खाल्ल्या.

निरोप असा, की येत्या दसऱ्याला बंकटची दांडपट्ट्याची परीक्षा घ्यावी, कमरेला शेला बांधावा आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही धाडलेल्या गाडीत त्याला बसवून द्यावं. इनामदारांकडे त्याची नोकरी ठरली आहे. दाजी, पोरगा तुमचा, पण शेला तालमीचा. तो मागून मिळत नाही.

आमच्याकडे वर्षं मोजत नाहीत. आधी लाकडी पट्टा, मग चिखलात पाय न घसरता फिरणं, मग केळीचा खांब एका घावात कापणं. बंकटचं हे सगळं कधीच झालं. त्याच्या हातात मला खोट सापडत नाही, आणि मी खोट शोधणारा माणूस आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण परीक्षेत दुसऱ्याच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू कापायचं असतं, आणि तो तळहात कोणीतरी आपणहून पुढे करावा लागतो. त्यात वस्तादाचा हुकूम चालत नाही. तळहात मिळाला, तरच पोरगा परीक्षेला उभा राहतो.

बंकटला तळहात कोणी देत नाही. त्याचा जोडीदार राधाकिशन, रोज त्याच्याच ताटात जेवणारा, तोही मागे सरला. कावून रे, म्हणून विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "त्याचा हात लई चांगला हाय, वस्ताद. पर गाडीची घुंगरं वाजली की नजर रस्त्याकडं जाती."

मी बंकटला खडसावलं. तो शांतपणे म्हणाला, "सिरसाळ्याची गाडी हाय का, तेवढंच बघतो, मामा."

मग मी माझाच तळहात पुढे केला, तर तो हसला. म्हणाला, "तुमी तर असताच, मामा." आणि पट्टा पुसायला बसला.

रतनचं तेरावं झालं आणि दोन महिन्यांसाठी म्हणून तुम्ही त्याला आमच्या ओट्यावर सोडून गेलात. तेव्हा तो माझ्या कमरेला लागायचा. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. तुम्ही दुसरं लग्न केलंत, त्याचा मला राग नाही. गडी येतो, धान्य येतं, कापड येतं, तुम्ही येत नाही, याचा आहे. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

तेव्हा गाडी दसऱ्यानंतर धाडू नका. आधी धाडा, आणि तिच्यात तुम्ही बसून या. तुम्हीच समोर उभे असलात, तर रस्त्याकडे बघायचं त्याला कारण उरणार नाही. भीती वाटली तर मला सांगा, त्याला दिसू देऊ नका.

लिंबू मी आणून ठेवतो. तळहात तुमचा.

रतनचा भाऊ,
आश्रुबा