उपरण्यावरची अंडी

कुंभार पिंपळगावजवळचं बेट
वैशाख, १९५६

चि. शरयूस,
रागावली असलीस तरी बापाचे आशीर्वाद घे.

दुर्गाअक्काच्या टरबुजांच्या वाडीवर, गोदावरीतल्या बेटावर, चार दिवस राहायला आलो आहे. औरंगाबादेला शिकायला जाताना तू ठेवलेली रेशमी कोशांची टोपली बरोबर आणली. घरी मुंग्या लागतील अशी धास्ती होती.

काल दिवसभर तुझ्यासाठी पक्षी पाहिले. काळ्या टोपीच्या एका पांढऱ्या पक्ष्याने सूर मारून मासा धरला. त्याचं नाव मला येत नाही. संध्याकाळी एका कोशातून पतंगाची मादी निघाली, तळहाताएवढी, हळदीच्या रंगाची. मी गूळपाणी ठेवलं, पण ती शिवेना. माझा जीव वरखाली झाला.

अक्का म्हणाली, "उपाशी राह्यली, पन हट्ट सोडंना. शरयूवरच गेली बघ."

शेवटी चष्मा लावून पाहिलं, तर तिला खायला तोंडच नाही. तुला प्रोफेसरांनी शिकवलं असेल, मी स्वतः शोधलं. पहाटे पैलतीराकडून नर आला. आज तिने टोपलीवरच्या माझ्या उपरण्यावर अंडी घातली. एकशे चाळीस. दोनदा मोजली.

गेल्या साली कोश उंदरांनी खाल्ले म्हणालो, ते खोटं होतं. तुझा शिकायचा नाद सुटावा म्हणून मीच ते चुलीत घातले.

हे टपालाने कळवणं बरं दिसत नाही. म्हणून पत्र टाकत नाही. उद्याच्या मोटारीने उपरणं मांडीवर घेऊन मीच येतो. मुलींच्या वसतिगृहात बापाला आत सोडतात की नाही, तेवढी काळजी आहे.

तुझा बाप,
श्रीपती