तिसरं कडवं चुकलं तेव्हा

गुरुजी, तुमच्या उजव्या हाताची अंगठी टेबलावर टक्‌टक्‌ वाजायची, तो आवाज मला अजून ऐकू येतो. सातवीच्या वर्गात तुम्ही कविता धरलीत की ती अंगठी ताल द्यायची आणि आम्हा चाळीस पोरांच्या माना डोलायच्या. पुढं मी नोकरीला लागलो, केस पिकले, तरी दर रविवारी सकाळी कळंब्याला तुमच्या घरी यायचो, ते त्या आवाजासाठीच. एक कडवं तुम्ही म्हणायचं, पुढचं मी. चुकेल तो हरला. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही चुकला नव्हता.

शहाण्णव सालच्या त्या रविवारी तुम्ही नदीची कविता घेतलीत. तिसऱ्या कडव्यावर ताल तुटला. हात टेबलावरून घसरून मांडीवर पडला. शब्द जड झाले, एकमेकांना चिकटले, भलत्याच ओळीत शिरले. आणि मी काय केलं? टाळी वाजवली, गुरुजी. "चुकलात! आज मी जिंकलो की!" म्हणत पुढचं कडवं खणखणीत म्हणून टाकलं. तुम्ही कप उचलायला गेलात, तो निसटून फुटला. तुमच्या ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला मला दिसत होता. मला वाटलं, हरल्याचा राग आलाय.

आतून काकू ओरडल्या, "काय फुटलं रं?"

"काय न्हाय काकू, माझ्या हातनं कप निसटला."

"हाताला हाडं हायत का न्हाईत तुझ्या? तिसरा कप हाय ह्यो!"

दहा-पंधरा मिनिटांत सगळं जागेवर आलं. तुम्ही मूठ वळून बघितलीत आणि हळूच म्हणालात, "हिला सांगू नकोस. उगंच घाबरंल." कवितांच्या वहीत खुणेला रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट होतं. दोनच गोळ्या काढलेल्या. "डोकं दुखत न्हाय, मग कशाला गिळायच्या?" मी मान डोलावली. तुमच्यासमोर तीच सवय होती. कोपऱ्यावर रिक्षा उभ्या होत्या. तुम्हाला त्यात बसवायचं सोडून मी कपाचे तुकडे गोळा केले आणि जिंकल्याच्या खुशीत घरी गेलो.

बुधवारी तुमची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या : तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. आपोआप बरं झालं तरीही. ती सुटका नसते, इशारा असतो. मग त्यांनी विचारलं, "आधी कधी असं झालं होतं का?"

"न्हाय हो बाई," काकू म्हणाल्या, "रविवारी तर कविता म्हणत हुते की. ह्यालाच इचारा."

मी खाली बघत राहिलो. आठवड्याभरात तुम्ही गेलात.

त्याला बारा वर्षं झाली. मी रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलंय. रविवारी सकाळी गल्लीतले लोक येतात. त्यांच्या दंडाला पट्टा बांधता बांधता मी सांगत असतो : बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू नका, तंबाखू सोडा, मीठ आवरा, रोज चाला. एक शेजारी म्हणतो, "आधी आमच्या हिच्या लोणच्याच्या बरणीला पट्टा बांधा, मग मला!" सगळे हसतात, मीही हसतो. मला ते भला माणूस समजतात. पण मंडईत काकू दिसल्या की हा भला माणूस दुसऱ्या बोळात वळतो.

इथवर लिहिलं आणि बाहेरून बायकोची हाक आली, "अहो, कळंब्याच्या काकू आल्यात, काठी टेकत, एकट्याच! प्रेशर बघायचं म्हणतायत."

बारा वर्षांत त्या आमच्या उंबऱ्यावर कधी आल्या नव्हत्या. आता पट्टा बांधायला त्यांचा हात हातात घ्यावा लागेल, आणि कप कुणाच्या हातून पडला होता ते सांगावं लागेल. सांगेन, असंच लिहिणार होतो. पण तुमच्याशी तरी खोटं नको, गुरुजी. हाक ऐकली तेव्हा माझी पहिली नजर मागच्या दाराकडं गेली.