विक्री : चालू

३ डिसेंबर, सोमवार
पुतणीच्या ऑनलाइन दुकानात आज रुजू झालो. चाळीस वर्षं वर्गात कविता शिकवल्या. उतारवयात पुन्हा वर्ग मिळाला, फक्त मुलांच्या जागी किटल्या, पंखे, हीटर! ऑफिस म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. माझं काम वस्तूंची वर्णनं सजवायचं. प्रोग्रामरने मायेने समजावलं : पडद्यावरची प्रत्येक चौकट (तो कॉम्पोनंट म्हणतो) दुकानाच्या नोंदींना विचारून माहिती आणते. आपण बदलून सेव्ह दाबलं की मूळ नोंद बदलते. मात्र पान बराच वेळ उघडं राहिलं असेल तर आधी रिफ्रेश करायचं. सेव्ह करताना अख्खं पान जातं. मध्ये कुणी काही बदललेलं असलं तर ते पुसलं जातं. मी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली.

४ डिसेंबर, मंगळवार
किटलीच्या वाफेला 'अलवार' म्हटलं. पुतणी खो खो हसली. म्हणाली, काका, किटली विकायचीय, तिचं लग्न नाही जमवायचं.

६ डिसेंबर, गुरुवार
छोट्या हीटरचं पान सकाळी दहाला उघडलं. 'ऊब'च्या आधी एक शब्द हवा होता. शोधता शोधता जुना वर्ग आठवला. फळ्यावर सरकणारा उन्हाचा चौकोन, आणि मागच्या बाकावरून एका सुरात येणारी कविता. तीन वाजता शब्द गवसला : 'मायाळू'. सेव्ह केलं. किती दिवसांनी असं तृप्त वाटलं!

७ डिसेंबर, शुक्रवार
काल अकराला पुतणीने त्याच हीटरची विक्री बंद केली होती. वायर तापून पेट घेते, असं कारखान्याने कळवलं होतं. तिने मला सांगितलंही होतं म्हणे. मी शब्दात बुडालेला. माझ्या शिळ्या पानाने 'बंद'चं पुन्हा 'चालू' केलं. गोदामातून तीन हीटर परस्पर रवाना झाले.
मी गुपचूप 'बंद' केलं. त्या तिघांना फोन करायला हवा. पण मग पुतणीला कळेल. सोमवारी करीन.

१० डिसेंबर, सोमवार
एका ग्राहक बाईंच्या मुलाचा फोन आला. खोली पेटली. बाई गेल्या.
पुतणी रडत म्हणाली, मीच उशिरा बंद केलं असणार, माझाच हलगर्जीपणा. मी तिला पाण्याचा पेला दिला. 
तिने लगेच उरलेल्या दोघांना फोन लावले. एकाने हीटर काढून ठेवला. तिसऱ्याचा लागत नाही. त्याचा पत्ता मी पडद्यावरून उतरवून दिला.

११ डिसेंबर, मंगळवार
प्रोग्रामर स्वतः त्या पत्त्यावर जाऊन आला. तिथे कुणीच हीटर मागवलेला नाही. पान पुन्हा पाहिलं, तर पत्ता वेगळाच, बाजारामागचा. बदल करणाऱ्याच्या चौकटीत माझं नाव. मी हात लावला नव्हता, शपथेवर सांगतो.
त्याने विचारलं, आजोबा, गुरुवारी तुम्ही काय सेव्ह केलंत? म्हटलं, काही नाही रे.
रिफ्रेश केलं. पत्ता सरकला. आमचा रस्ता.

१२ डिसेंबर, बुधवार
आता कळलं. मी खोटं बोललो की पत्ता जवळ येतो.
पुतणीने विचारलं, काका, काही लपवताय का? जीभ 'हो' म्हणायला उचलली होती, पण 'नाही' निघून गेलं.
आमची इमारत. तळमजला.
जेवताना तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच—
दुसरा मजला. आम्ही तिसऱ्यावर राहतो.
ग्राहकाच्या चौकटीत नाव : गेलेल्या बाईंचं.

१३ डिसेंबर, सकाळ
प्रोग्रामर अजून आलेला नाही. पुतणी आतल्या खोलीत. ताप भरलाय. थंडी वाजतेय म्हणून दार लावून घेतलंय.
पत्ता : आमचाच. ग्राहक : पुतणी.
हीटरच्या चौकटीत : 'पोचला.'
मी दार उघडलंच नव्हतं कुणाला—

दाराच्या फटीतून ऊब येतेय. तिला विचारलं, आत काय लावलंयस? म्हणाली, काका, तुम्हीच नाही का आणून ठेवलात.

कडी तापली आहे. हात लागत नाही. ती खोकतेय. पडद्यावर माझं नाव, खाली रिकामी चौकट, खरं काय ते मागणारी—
हो. सांगतो. आत्ता सांगतो. बाळ, ऐकतेस ना, गुरुवारी तीन वाजता मी