भाजीच्या कप्प्यातला हिवाळा

११ सप्टें. २०१६
नर्सरीतून मस्कारीचे कंद आणले. लग्नानंतर हॉलंडला होतो तेव्हा थंडी सरता सरता अंगणात यायची, द्राक्षाच्या घोसासारखी निळी फुलं. सायलीला ती परत बघायचीत. केमोत निदान वाट बघायला काहीतरी हवं म्हणते. नर्सरीवाली इथल्या इंग्रजीत म्हणाली, "हिअर टू हॉट लाह. थ्री मंथ्स फ्रिज, देन कॅन." थंडी मिळाल्याशिवाय फुलत नाहीत, तर हिवाळा आमच्या भाजीच्या कप्प्यात. सफरचंदं बाहेर काढली, त्यांच्यामुळे कळ्या मरतात म्हणे.

४ ऑक्टो.
ऑफिसातून आलो तर कप्पा रिकामा. आई पुण्याहून आलीय, सा.चं करायला. शनिवारी घट बसवले. नवरात्रात घरात कांदा-लसूण नको, म्हणून तिने "ते बारके कांदे" पिशवीत घालून बाल्कनीत नेऊन ठेवले. तेव्हापासून उन्हात. नको ते बोललो तिला. "फ्रिजात कुणी फुलं ठेवतं का रे?" म्हणून रडायला लागली.
सा. आतून म्हणाली, "परत ठेव ना. मी कुठे चाललेय?"
कुजके टाकले, उरलेले कुंडीत लावून परत फ्रिजात. पहिल्यापासून सुरुवात.

१९ नोव्हें.
स्कॅन वाईट. लिव्हरमध्येही गेलंय. डॉक्टर स्क्रीनकडे बघूनच बोलत होते. टॅक्सीत सा.ने एवढंच विचारलं, कोंब आले का. नाही म्हणालो. हो म्हणायला हवं होतं की काय, कळत नाही. फार भीती वाटते.

१४ जाने. २०१७
कोंब आले! कुंडी बेडरूमच्या खिडकीत, एसी दिवसभर. बिल गेलं उडत. आई येता-जाता कुंडीपाशी थांबते, काहीतरी पुटपुटते. सा.ने उठून बसून कोंबाला बोट लावलं. मग दमली, झोपली.

२३ जाने.
सा. परत अ‍ॅडमिट. ताप, श्वास लागतो. घरी कधी सोडणार विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बघू.

२५ जाने.
कळ्यांना निळा रंग दिसायला लागला. घाबरून कुंडी फ्रिजात ठेवली. आत थांबतील थोड्या. बाहेर काढली की दोन दिवसांत फुलून संपणार. वॉर्डात मातीची कुंडी नेऊ देत नाहीत, विचारून झालं. फोटो दाखवतो म्हटलं तर सा. मान हलवून नाही म्हणाली.
संध्याकाळी तिचा फोन. "मी घरी येईपर्यंत कुंडी बाहेर काढू नकोस हं." धाप लागत होती.
थोड्या वेळाने परत फोन. "नाहीतर काढच. फुलू देत."
कुंडी अजून आतच आहे.