विमलबाईंच्या भिंतीवरची आज्ञा

नांदुरा, १४ नोव्हेंबर

चि. पुष्पांजलीस भागवतदादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सारे बरे आहोत. तुझी मान धरली आहे असे मावशीकडून कळले. पडद्यासमोर वाकून बसू नकोस. (तुझ्याच कामापायी मीही महिनाभर तसाच बसलो, तेव्हा हा सल्ला अनुभवाचा समज.)

‘तू सोपवलेले काम नीट पार पडले’ हे वाक्य मी रोजनिशीत लिहून दोनदा खोडले आहे, म्हणून जे झाले तेच सांगतो. गावच्या वाचनालयांसाठी तू केलेल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि माहितीपुस्तिकेतल्या जुन्या आज्ञा काढायचे तू मला सांगितलेस. पूर्वी कापसावरचे पुस्तक हवे तर ‘आज्ञा शोध कापूस’ लिहावे लागे, आता नुसते ‘शोध कापूस’ पुरते. अशा एकेचाळीस जागा मला सापडल्या. पुसायला बसलो आणि शंका आली की ज्यांनी पाच वर्षे जुने लिहिले त्यांना काही न सांगता ते काढणे सरळपणाचे आहे का? म्हणून प्रत्येक जागी टीप घातली की असे लिहू नये, आणि काय लिहू नये ते नीट दिसावे म्हणून जुनी आज्ञा चौकटीत ठळक छापली. नवी खाली, बारीक अक्षरात. बावीस पानांची पुस्तिका छप्पन पानांची झाली. (काढून टाकल्यावर वस्तू वाढते कशी, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.)

पहिली प्रत घेऊन मी शेजारच्या गावच्या ग्रंथपाल विमलबाईंकडे गेलो. या बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी संगणक शिकल्या, त्या जुन्या पुस्तिकेचे एक पान भिंतीवर चिकटवून. दर खंडेनवमीला संगणकाबरोबर त्या पानाचीही पूजा होते, त्यामुळे हळदकुंकवाच्या थराखाली आज्ञा आता जेमतेम दिसते. सोमवारी तपासणी होती. वाचनालयाचे अध्यक्ष शेषराव यांना बाईंच्या जागी पदवीवाला माणूस हवा होता, आणि बाई तपासनिसासमोर अडखळल्या की शेषरावांचे काम सोपे होणार होते. हे ठाऊक असूनही मी रविवारी नवी आवृत्ती बसवली आणि भिंतीवरचे पान (नमस्कार करून) काढून ठेवले.

तपासनीस साहेबांनी कापसावरची पुस्तके मागितली. बाईंनी माझी पुस्तिका उघडली आणि चौकटीतले ठळक अक्षर जसेच्या तसे टाइप केले. पडद्यावर आले, ‘ही आज्ञा समजली नाही.’ त्यांनी पुन्हा केले. पुन्हा तेच.

“मी म्हणत नव्हतो? बाईले जमून नाही राह्यलं,” शेषराव म्हणाले.

मी घाईने सांगितले, की चौकटीतले लिहायचे नाही, म्हणून तर ते चौकटीत आहे. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“मंग लिवलं काऊन, भागवतभाऊ? कोणाले वाट सांगताना, जायचं नाही त्या वाटेचा नकाशा काढून देता का तुम्ही?”

तो प्रश्न मी रोजनिशीत उतरवला आहे. (उत्तरासाठी खाली जागा सोडून ठेवली आहे.)

मग बाई उठल्या, थेट तिसऱ्या कपाटाशी गेल्या आणि कापसावरची तीन पुस्तके काढून साहेबांपुढे ठेवली. म्हणाल्या, “चवथं अध्यक्षाच्या घरी हाये. दोन दिवाळ्या झाल्या.”

साहेब इतके हसले की त्यांचा चहा शेऱ्याच्या वहीवर सांडला, आणि ओल्या पानावरच त्यांनी लिहिले की ग्रंथपाल अत्यंत जाणकार आहेत, यांना बदलू नये. शेषराव पुस्तक आणायला घरी गेले ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत. बाईंनी मला जेवू घालूनच सोडले, वर ठेचाही बांधून दिला. मी येताना बसमध्ये एकटाच हसत होतो.

त्याच आठवड्यात साऱ्या टिपा काढल्या. पुस्तिका आता एकोणीस पानांची आहे, सोबत पाठवली आहे. मावशीस नमस्कार, मानेस शेक.

तुझा,
भागवतदादा

ता. क. पुस्तिकेत जुनी आज्ञा एकही उरलेली नाही. तीनदा तपासली.

आणखी ता. क. भिंतीवर मात्र उरली आहे. मंगळवारी मी पुन्हा गेलो तेव्हा बाईंनी ते पान परत लावले, आणि खरे सांगायचे तर डिंक मीच लावून दिला. तेव्हा नव्या आवृत्तीला जुनी आज्ञाही गुपचूप कळेल असे काही कर ना. फक्त हे पुस्तिकेत कुठेही लिहू नकोस, नाहीतर मला टीप घालावीशी वाटेल.